म्हातारचळ नाही, डिमेन्शिया: संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणाऱ्या आजी-आजोबांना वाशीमसारख्या जिल्ह्यात उपचार मिळणं इतकं अवघड का?

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. अंगणातल्या सावल्या लांबल्या की आजी उठते, लुगड्याचा पदर खोचते आणि "मले घरी जायचं हाय" म्हणत दाराकडे निघते. ज्या घरातून तिला जायचंय, त्याच घरात ती पन्नास वर्षं राहतेय. सून आडवी आली तर तिला ढकलते. मुलाने हात धरला तर "तू कोण रे?" असं विचारते, कधी चावतेसुद्धा. रात्री दोनपर्यंत हेच चालतं. सकाळी मात्र तिला यातलं काहीच आठवत नाही आणि घरातल्यांच्या डोळ्यांत झोप मावत नाही.

हे कुण्या एका घराचं वर्णन नाही. डिमेन्शिया असलेलं माणूस ज्या ज्या घरात आहे, तिथे थोड्याफार फरकाने हेच घडतं. शेजारी म्हणतात म्हातारचळ लागला. कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, अमक्या ठिकाणी नेऊन बघा. 'साठी बुद्धी नाठी' तर सगळ्यांनाच पाठ असतं.

डॉक्टर याला 'अ‍ॅजिटेशन' म्हणतात. त्यावर उपचार आहेत. पण ते वाशीममधल्या एखाद्या गावापर्यंत पोहोचतात का आणि नसतील तर कायद्याने काय मागता येतं, हे समजून घेऊ.

अ‍ॅजिटेशन म्हणजे नेमकं काय?

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरणं आठवतं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं का, नातवाचं नाव काय. पण विसरण्यामुळे घर सहसा मोडत नाही. 'वय झालं' म्हणून ते सगळे चालवून घेतात. घर मोडतं ते आरडाओरड्याने, मारण्याने, रात्रभर येरझाऱ्या घालण्याने आणि घराबाहेर निघून जाण्याने.

वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये अ‍ॅजिटेशनची एक व्याख्या ठरवली. रुग्णाच्या मनाची तगमग होत असली पाहिजे आणि तिच्यासोबत सतत हालचाल, शाब्दिक आक्रमकता किंवा शारीरिक आक्रमकता यांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे. एखाद्या दिवसाच्या चिडचिडीला अ‍ॅजिटेशन म्हणत नाहीत. ते टिकून राहावं लागतं आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा यावा लागतो.

हे का होतं? मेंदूचा पुढचा भाग आपल्या रागाला आणि घाईला ब्रेक लावतो. डिमेन्शियात हा ब्रेक झिजत जातो. त्याच वेळी आजूबाजूला काय चाललंय याचा अर्थ लावणंही जमेनासं होतं. समोरची बाई आपली सून आहे हे ओळखता येत नसेल आणि ती आपली साडी सोडायला लागली, तर कुणीही हात उगारेल. आजीच्या बाजूने पाहिलं तर ती स्वतःला वाचवत असते. संध्याकाळी हे वाढतं. त्याचं कारण कमी होणारा उजेड, दिवसभराचा थकवा आणि मेंदूतलं बिघडलेलं घड्याळ. इंग्रजीत याला 'सनडाउनिंग' असा खास शब्द आहे.

वेगवेगळ्या अभ्यासांचा सूर असा की, डिमेन्शियाच्या साधारण निम्म्या रुग्णांना आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असा त्रास होतो.

वाशीममध्ये असे किती लोक असतील?

नेमकी मोजणी झालेली नाही, पण अंदाज बांधता येतो. भारतातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला 'लासी-डॅड' हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं.

२०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या साधारण १२ लाख होती. राज्यात तेव्हा दहापैकी जवळपास एक माणूस साठीच्या पुढचा होता. हाच हिशेब जिल्ह्याला लावला तर जवळपास १ लाख २० हजार ज्येष्ठ होतात आणि त्यांच्यातले ८ ते ९ हजार डिमेन्शियाचे रुग्ण. जनगणनेला आता बरीच वर्षं लोटलीत, ज्येष्ठांची संख्या वाढलीय. त्यामुळे आजचा आकडा याहून मोठाच असणार.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले, त्यांत तो आहे. सोयाबीनचा पट्टा, मोठा बंजारा समाज आणि शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली तरुण पिढी. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी कुणीतरी एक बाई. बहुतेक वेळा सून किंवा स्वतःच सत्तरीत असलेली बायको.

पण आता तर यावर नवं औषध आलंय ना?

आलंय. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे २०२३ मध्ये 'ब्रेक्सपिप्राझोल' या औषधाला अल्झायमरमुळे होणाऱ्या अ‍ॅजिटेशनसाठी मान्यता दिली. या त्रासासाठी एफडीएने मंजूर केलेलं हे पहिलंच औषध. त्याआधी एप्रिलमध्ये तज्ज्ञ समितीने ९ विरुद्ध १ मतांनी कौल दिला होता. अमेरिकेतल्या रुग्ण-संघटना आणि कुटुंबांनी यासाठी जोर लावला होता. 'आमच्याकडे काहीच उपाय नाही, निदान एक तरी द्या' असं त्यांचं म्हणणं होतं. रात्र रात्र जागलेल्या माणसाला ते चटकन पटेल.

पण आकडेही बघायला हवेत. रुग्णाचं अ‍ॅजिटेशन मोजण्यासाठी २९ वर्तनांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे गुण २९ ते २०३ पर्यंत जाऊ शकतात. मान्यतेसाठी महत्त्वाच्या ठरलेल्या चाचणीत ३४५ रुग्ण होते. १२ आठवड्यांनी औषध घेतलेल्यांचे गुण सुमारे साडेबावीसने उतरले आणि बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांचे सुमारे सव्वासतराने. म्हणजे फरक पाचेक गुणांचा. फायदा खरा आहे, पण छोटा आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर कडक टीका झाली. अमेरिकेत या औषधाचा महिन्याचा खर्च साधारण १,४०० डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. भारतात हे औषध स्किझोफ्रेनियासाठी मिळतं.

मुख्य मुद्दा जोखमीचा आहे. ब्रेक्सपिप्राझोल 'अँटिसायकॉटिक' गटातलं औषध आहे. याच गटातलं जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे रिस्पेरिडोन. २००५ मध्ये एफडीएने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये ही औषधं घेणाऱ्यांचा मृत्युदर ४.५ टक्के आणि न घेणाऱ्यांचा २.६ टक्के निघाला. तेव्हापासून या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापला जातो. नव्या औषधावरही तो आहेच.

ब्रिटनने याचा वेगळाच अनुभव घेतला. २००९ मध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी तिथल्या सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यांच्या अंदाजानुसार डिमेन्शियाच्या १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधं दिली जात होती, त्यातल्या फक्त ३६ हजारांना फायदा होत होता आणि दरवर्षी १,८०० जादा मृत्यू होत होते. त्यानंतर तिथे वापरावर लगाम आला. आता तिथे रिस्पेरिडोनला परवानगी आहे ती मध्यम ते तीव्र अल्झायमरमधल्या टिकून राहिलेल्या आक्रमकतेसाठी, इतर उपाय थकल्यावर आणि तीही सहा आठवड्यांपर्यंत.

म्हणजे 'उपचार मिळाले पाहिजेत' या मागणीचा अर्थ लंडनमध्ये एक आणि वाशीममध्ये दुसरा. तिथे गोळ्या फार झाल्या होत्या. इथे गोळी द्यायची की नाही, हे ठरवणारा माणूसच आधी गाठावा लागतो.

तो गाठता आला नाही तर काय होतं? मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणली जाते. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या नियमाप्रमाणे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. त्या डिमेन्शियात गोंधळ वाढवतात, तोल घालवतात आणि म्हातारं माणूस पडलं की खुबा मोडतो. दुसरा मार्ग म्हणजे खोलीला बाहेरून कडी. तिसरा, खाटेला बांधणं. यामागे दुष्टपणा असतोच असं नाही. बऱ्याचदा ती थकलेली माणसं असतात.

पहिला उपचार गोळी नसतो

जगभरातल्या मार्गदर्शक सूचना एका गोष्टीवर ठाम आहेत. आधी कारण शोधा. डिमेन्शियाच्या रुग्णाला 'माझं पोट दुखतंय' असं सांगता येत नाही, तो ओरडतो. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, किडलेला दात, गुडघेदुखी, ऐकू न येणं, मोतीबिंदू, एखादं नवं सुरू झालेलं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. विदर्भात याला ऊन जोडा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि तहान लागली हेच ज्याला कळत नाही, त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं. त्यातून येणारा गोंधळ हुबेहूब वेडासारखा दिसतो आणि सलाईनने उतरतोही.

अमेरिकेतल्या तीन तज्ज्ञांनी, हेलन केल्स, लॉरा गिटलिन आणि कॉन्स्टंटाइन लायकेटसॉस यांनी, यासाठी चार पायऱ्यांची पद्धत मांडली. ती 'डाइस' या नावाने ओळखली जाते. काय घडलं ते नीट सांगा, कारण शोधा, उपाय आखा, तो चालला का ते तपासा. ऐकायला साधं वाटतं. पण पहिलीच पायरी घरोघरी चुकते. डॉक्टरांना सांगितलं जातं, 'लय त्रास देतात'. त्याऐवजी 'रोज दिवेलागणीला सुरू होतं, आंघोळीच्या वेळी मारतात, जेवल्यावर शांत होतात' असं सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

उपायही मग घरगुती निघतात. दिवेलागणीच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे. आंघोळ सकाळी, त्यांच्या ओळखीच्या हाताने, पाणी आधी पायावर घालून. "हे तुमचंच घर आहे" असा वाद घालण्यापेक्षा "हो, जाऊ या, आधी चहा घेऊ" म्हणून अंगणात एक चक्कर मारायची. आयुष्यभर शेतात राबलेल्या आजोबांना दिवसभर खाटेवर बसवलं तर रात्री ते येरझाऱ्या घालणारच. शेंगा फोडायला दिल्या तर हात गुंतून राहतो.

हे सगळं करूनही मारहाण थांबत नसेल, रुग्णाला भास होत असतील किंवा त्याच्या अथवा घरच्यांच्या जिवाला धोका असेल, तेव्हा औषध लागतं. आणि तेव्हा ते मिळायलाच हवं. 'प्रेमाने सांभाळा' एवढं सांगून अशा कुटुंबाला परत पाठवणं हाही अन्यायच आहे. फक्त औषध कमीत कमी मात्रेत सुरू करावं लागतं. रिस्पेरिडोन बहुधा पाव मिलिग्रॅमपासून. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून कमी किंवा बंद करावं लागतं. 'लुई बॉडी' प्रकारच्या डिमेन्शियात तर हीच औषधं फार घातक ठरू शकतात. म्हणून एकदा दाखवून येणं पुरत नाही. पुन्हा पुन्हा जाता येईल इतक्या जवळ डॉक्टर हवा.

मग अडतं कुठे?

अंतरापासूनच अडतं. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत. विदर्भाला जवळचं नागपूर. ते वाशीमपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीएक किलोमीटरवर. अनोळखी गर्दीत बिथरणाऱ्या माणसाला एसटीत बसवून तिथे न्यायचं, रांगेत उभं करायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, पण त्यासाठी गाडी लागते.

त्यानंतर निदान. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी बनलेल्या. आजची तारीख, शंभरातून सात वजा, एक वाक्य लिहा. कधी शाळेत न गेलेल्या आणि घरात गोरबोली बोलणाऱ्या मानोरा तालुक्यातल्या आजीला मराठीत तारीख विचारली तर ती डिमेन्शियाशिवायही नापास होईल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढमध्ये नव्वदच्या दशकात अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी मूळ चाचणी हिंदीत वेगळी घडवावी लागली होती.

शेवटी पैसा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान वय वंदना' कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मोफत झाले. योजना चांगली आहे, पण ती मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी. डिमेन्शियाचा खर्च होतो तो घरी. ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, डायपर, प्रवास आणि सांभाळण्यासाठी सोडलेली मजुरी. यातलं फारसं काही त्या कार्डात बसत नाही.

कायद्यात काय हक्क आहेत?

इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्ती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. वर्तनावर परिणाम करणारा डिमेन्शिया त्यात बसतो. याच कायद्याच्या कलम १८ नुसार प्रत्येक जिल्ह्यात सरकारी मानसिक आरोग्यसेवा असणं बंधनकारक आहे आणि त्या सेवांत वृद्धांसाठीच्या मानसिक आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख आहे. अशी किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने उचलायचा आहे.

आणखी एक. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत, सदासर्वकाळ, मोफत मिळाली पाहिजेत, असं हे कलम सांगतं. रिस्पेरिडोन राष्ट्रीय यादीत आहे. म्हणजे रिसोड किंवा मालेगावच्या रुग्णालयात ते मागणं म्हणजे कुणाचे उपकार मागणं नव्हे. कलम ९५ ने रुग्णाला साखळदंडाने बांधणं कुठल्याही स्वरूपात निषिद्ध केलंय. सेवेत त्रुटी असेल तर आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

गोव्याने काय करून दाखवलं?

तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं का? गोव्यात थांबले नाहीत. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शिया असलेल्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच लोकांना आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन 'गृहसेवा सल्लागार' म्हणून घरी पाठवलं. ते आजार समजावून सांगायचे, वर्तनाच्या त्रासावर घरात काय करता येईल ते दाखवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यायचे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास, दोन्ही कमी झाले.

केरळने २०१४ मध्ये 'स्मृतिपथम्' नावाचा स्वतंत्र राज्य उपक्रमच सुरू केला. तिथेच १९९२ मध्ये डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने अल्झायमर रुग्णांसाठीची देशव्यापी संस्था, 'एआरडीएसआय', उभी राहिली होती. राज्य उपक्रमामागे वीस-बावीस वर्षांचा पाठपुरावा होता, हे विसरून चालणार नाही.

वाशीममध्ये सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. आशा सेविका घरोघरी जाऊन जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आधीच आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? 'हो' असं उत्तर आलं की पुढे काय करायचं, हा साखळीतला खरा दुवा आहे. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मंजूर झालं. तिथला मानसोपचार विभाग महिन्यातून एकदा प्रत्येक तालुक्याला ओपीडी घेईल का, ग्रामीण रुग्णालयांत कमी मात्रेची गोळी ठेवली जाईल का, आशांना गोव्यासारखं आठवडाभराचं प्रशिक्षण मिळेल का? लोकप्रतिनिधींना विचारायचे प्रश्न हे आहेत. अमेरिकेतलं महागडं औषध या यादीत बरंच खाली येतं.

तुमच्या घरात आत्ताच हे चालू असेल तर?

त्रास कधी सुरू होतो, त्याआधी काय घडलेलं असतं, कशाने थांबतो, हे आठवडाभर वहीत लिहा. मोबाइलवर एखादा छोटा व्हिडिओ काढा. तो फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी, स्टेटसला टाकण्यासाठी नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. दवाखान्याने दिलेली गोळी मोठ्या मात्रेची असेल तर ती तोडायची की नाही हे विचारून घ्या, अंदाजाने तोडू नका.

'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही फोन करता येतो, रुग्णानेच करावा असं नाही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

आणि कालपर्यंत बरं असलेलं माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिथरलं, गुंगीत गेलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.